पत्त्यांची लेबले सरकली तर काय करावे?



अंक छापून तयार झाला, तरी तो तुमच्या दारी पोहोचतो तो पाकिटावरच्या पत्त्यामुळे. वाशिमच्या ४४४५०५ मधला शेवटचा आकडा कापला गेला, तर अंक भलतीकडे जातो किंवा परत येतो. सोबतची देणगीची पावतीही अडकते. म्हणून मंडळीसाठी संगणकावर लेबले छापणाऱ्यांनी बिघाड कोणता आहे, हे आधी ओळखावे.

वरच्या ओळी बरोबर, पण खाली जाताना फरक वाढत असेल, तर बहुधा छापताना पान लहान होत आहे. ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के आकार निवडा. ९७ टक्क्यांवर ६४ मिलिमीटरचे लेबल ६२ चेच उरते. कागदाचा आकारही पाहा : ए-फोर २९७ मिलिमीटर लांब, तर अमेरिकी ‘लेटर’ २७९.

सगळीच लेबले सारखी सरकली असतील, तर साच्यातील समास तेवढाच बदला.

मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटली, तर त्या संगणकावर तुमचा फॉन्ट नाही. पत्ते युनिकोडमध्ये ठेवा, किंवा फॉन्टसह पीडीएफ करून न्या.

पहिली प्रत नेहमी साध्या कागदावर काढा. ती लेबलांच्या कागदाला लावून खिडकीच्या उजेडात धरा. चौकटी जुळल्या की मगच पुढे छापा. अर्धवट वापरलेला लेबलांचा कागद लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नका; उष्णतेने लेबल सुटून आत चिकटते.

एका साध्या कागदाची ही चाचणी पुष्कळ पाकिटे वाचवते.