ओस पडलेली राजधानी

अख्खे शहर रिकामे होऊ शकते काय? कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह हिच्या बाबतीत हे खरोखर घडले.

१७ एप्रिल १९७५. ख्मेर नववर्षाचा सण नुकताच आटोपला होता. पोल पॉटच्या ख्मेर रूज संघटनेचे सैनिक शहरात शिरले. 'अमेरिकेचे बॉम्ब पडणार आहेत, दोन-तीन दिवसांसाठी बाहेर पडा,' असे सांगून सुमारे वीस लाख माणसे खेड्यांकडे हाकलली गेली. इस्पितळातले रोगी खाटांसकट ढकलत नेले. ते दोन-तीन दिवस पावणेचार वर्षांचे झाले. चलन बंद, बाजार बंद, घरची चूलसुद्धा बंद, सामुदायिक भोजनालयात मिळेल ती पातळ पेज प्यायची. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे केली. एका शाळेच्या वर्गखोल्यांत कोठड्या बांधल्या. तोच तुओल स्लेंगचा कुप्रसिद्ध तुरुंग. आज तिथे संग्रहालय आहे. उपासमार, आजार आणि कत्तल यांत देशभर पंधरा ते वीस लाख लोक गेले, असा अंदाज आहे.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजा आल्या, तेव्हा शहरात सामसूम होती. हळूहळू माणसे परतली. ज्याला जे घर मोकळे दिसले त्यात तो राहिला, कारण जुने मालकच उरले नव्हते. पगार तांदळात मिळे. रिएल हे चलन १९८० मध्ये परत आले. अनेक घरांत कर्ता पुरुष नव्हता. मोडलेला संसार बायांनीच उभा केला, हे इतिहासकार दोन ओळींत उरकतात!

१९७९ मध्येच ऊनालोम विहारात सात वृद्ध भिक्खूंना पुन्हा उपसंपदा दिली गेली. मात्र पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना नव्या सरकारने भिक्खू होऊ दिले नाही. ही अट दशकाच्या अखेरीस उठली.

महाघोसानंद या काळात देशाबाहेर होते, म्हणून वाचले. त्यांचे सारे कुटुंब मारले गेले. तरी थायलंडच्या सीमेवरील निर्वासित छावणीत जाऊन त्यांनी मेत्तासुत्ताची पत्रके वाटली. १९९१ च्या पॅरिस करारानंतर, १९९२ च्या उन्हाळ्यात, ते निर्वासितांना सोबत घेऊन सीमेवरून राजधानीपर्यंत पायी निघाले. ही पहिली धम्मयात्रा. वाटेत सुरुंग होते, युद्धही पुरते थांबले नव्हते. गावोगावी लोक पाण्याच्या बादल्या भरून रस्त्याच्या कडेला थांबत, आणि भिक्खू ते पाणी त्यांच्या डोक्यावर शिंपडत पुढे जात. सुमारे महिनाभराने ही पावले नोम पेन्हमध्ये पोहोचली. ज्या रस्त्यांनी १९७५ साली माणसे बाहेर हाकलली होती, त्याच शहरात ती चालत आत आली.