ग्रीक शोकनाट्यातील दैव आणि दोष

ग्रीक शोकनाट्याविषयी वसंत ऋतूत बोलावे हे उचितच आहे. अथेन्स नगरात ही नाटके होत तीही वसंताच्या प्रारंभी, डायोनिसस देवाच्या उत्सवात. ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्या आकाशाखाली, हजारो नागरिक जमत. तीन नाटककारांची स्पर्धा लागे. प्रत्येकाने तीन शोकनाटके आणि अखेरीस एक थट्टेचे नाटक सादर करावे, असा प्रघात होता. इ. स. पू. पाचव्या शतकात ईस्किलस, सॉफोक्लीझ आणि युरिपिडीझ हे तीन थोर नाटककार या स्पर्धेत गाजले. सॉफोक्लीझने शंभराहून अधिक नाटके लिहिली. त्यांतली सातच आज संपूर्ण मिळतात. त्यांपैकी 'राजा इडिपस' या नाटकाचा आपण प्रामुख्याने विचार करू. पु. ल. देशपांडे यांनी ते १९७९ साली 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले, तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नाही.

ग्रीक शोकनाट्य म्हणजे दैवाच्या हातचे बाहुले झालेल्या माणसाची कहाणी, असा एक समज रूढ आहे. तो खरा मानला तर लगेच प्रश्न उभा राहतो: जे टळणारच नव्हते ते घडले, मग त्यात इडिपसचा अपराध कोणता? आणि अपराध नसेल तर त्याने स्वतःचे डोळे का फोडून घ्यावेत?

कथा थोडक्यात अशी. थीब्जचा राजा लेअस याला देववाणीने बजावले होते की, पोटच्या मुलाच्या हातून तुला मृत्यू येईल. म्हणून मूल जन्मताच त्याचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून देण्यास सांगितले गेले. परंतु मेंढपाळाला दया आली आणि ते मूल कॉरिंथच्या निपुत्रिक राजाच्या घरी वाढले. तोच इडिपस. आपण पित्याचा वध करू आणि मातेशी विवाह करू, हे डेल्फाय येथे कळताच, कॉरिंथच्या मायबापांना जपण्यासाठी त्याने कॉरिंथच सोडले. वाटेत, तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी, एका वृद्ध प्रवाशाशी त्याचे भांडण झाले आणि त्यात तो वृद्ध मारला गेला. पुढे स्फिंक्सचे कोडे सोडवून इडिपसने थीब्ज वाचवले. त्याला राज्य मिळाले, आणि तेथल्या विधवा राणीचा, जोकास्टाचा, हातही मिळाला.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे सारे पडदा उघडण्यापूर्वीच (पडदा त्या काळी नव्हता, पण आपण आपल्या भाषेत बोलू) घडून गेलेले आहे. दैवाचे काम संपले आहे. रंगभूमीवर आपण पाहतो तो केवळ शोध. नगरात रोगाची साथ पसरली आहे. लेअसचा मारेकरी नगरात आहे, त्याला घालवा, अशी डेल्फायची आज्ञा येते. आणि राजा त्या अज्ञात मारेकऱ्याला शाप देऊन चौकशीला आरंभ करतो. तिघे जण त्याला थांबवू पाहतात. अंध द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. सत्य उमगलेली जोकास्टा म्हणते, आता पुढे विचारू नकोस. म्हातारा मेंढपाळ तर गयावया करतो. इडिपस थांबत नाही. पितृवध आणि मातृविवाह ही दोन भाकिते देवाची होती. पण सत्य कितीही भयंकर असो, ते जाणून घेईनच, हा हट्ट मात्र सर्वस्वी इडिपसचा होता. शेवटी तो आंधळा होऊन बाहेर येतो, तेव्हा स्वतःच हा भेद करतो: दुःख अपोलोने आणले, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच.

मग दोषाचे काय? येथे ग्रीकांच्या दोन कल्पना निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. रक्त सांडले की विटाळ होतो, ही एक. हा विटाळ हेतू विचारीत नाही. आपल्याकडे सुतक आले म्हणजे कोणी गुन्हा केला असा अर्थ होत नाही, तसेच काहीसे हे आहे. नगरातली साथ ही त्या विटाळाची खूण होय. दुसरी कल्पना कायद्याची. जाणूनबुजून केलेला वध आणि नकळत झालेला वध यांत अथेन्सचा कायदा फरक करी. नकळत वध करणाऱ्यास हद्दपारीची शिक्षा सांगणारा ड्रेको याचा जुना कायदा इ. स. पू. ४०९-४०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरून लावण्यात आला होता. म्हणजे इडिपसला खुनी म्हणावे की नाही, हा प्रश्न प्रेक्षकांना पडत नसेल असे मुळीच नाही.

ॲरिस्टॉटलने पुढच्या शतकात आपल्या काव्यशास्त्रात असा नायक 'हामार्तिया'मुळे कोसळतो असे म्हटले आणि उदाहरणादाखल इडिपसचेच नाव घेतले. या शब्दाचे भाषांतर पुष्कळदा 'स्वभावदोष' असे करतात आणि मग इडिपसचा राग, त्याचा अहंकार शोधीत बसतात. परंतु तो शब्द नेम चुकण्याशी जोडलेला आहे. धनुर्धर वाईट नव्हता. बाण भलतीकडे लागला. दुर्गुणामुळे नव्हे, चुकीमुळे तो पडला, असे ॲरिस्टॉटलने स्पष्टच सांगितले आहे.

आपल्याला येथे 'प्रारब्ध' शब्द सुचेल; पण जपून. प्रारब्ध हे आपल्याच पूर्वकर्माचे फळ. त्यात हिशेब कुठेतरी जुळतो. ग्रीकांच्या 'मोइरा' शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'वाटा'. तो माझ्याच वाट्याला का आला, याचे उत्तर सॉफोक्लीझ देत नाही. ईस्किलसने याच घराण्यावर रचलेल्या नाटकांत लेअसने देवाज्ञा मोडल्याचे पाप पुढच्या पिढ्यांना भोवते. सॉफोक्लीझने ते कारण जवळजवळ बाजूला सारले. म्हणूनच त्याचे नाटक अधिक असह्य वाटते.

पण त्याने हा प्रश्न सोडून दिला नाही. नव्वदीच्या घरात असताना त्याने 'इडिपस कोलोनसला' हे नाटक लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने ते रंगभूमीवर आणले. त्यात भटकून थकलेला आंधळा इडिपस मुलीचा हात धरून कोलोनस या गावी येतो. हे कवीचे स्वतःचे जन्मगाव. येथे तो निक्षून सांगतो की, ती कृत्ये मी केली त्यापेक्षा भोगली. मला माहीत नव्हते. मी निर्दोष आहे. अथेन्सचा राजा थीसियस त्याला आश्रय देतो, आणि जो विटाळ म्हणून थीब्जबाहेर घालवला गेला होता, त्याचे समाधिस्थान अथेन्सचे रक्षण करणारे ठरते.

दोन्ही नाटकांतला इडिपस एकच आहे. पहिल्यात तो म्हणतो, हे माझ्या हातून झाले. दुसऱ्यात तो म्हणतो, हा माझा अपराध नव्हे. ही दोन वाक्ये परस्परविरुद्ध वाटतात, पण आपल्यातल्या कित्येकांनी ती एका श्वासात उच्चारलेली असतील. कोणाच्या गाडीखाली धावत आलेले मूल सापडले, कोणी विश्वासाने दिलेल्या सल्ल्याने दुसऱ्याचे घर बुडाले. न्यायालय निर्दोष सोडते, शेजारी समजूत घालतात, तरी झोप येत नाही. दोष नसतानाही दायित्व उरते. दैवावर बोट दाखवून ते झटकता येते. इडिपसने ते झटकले नाही, आणि म्हणून खोटा अपराधही अखेर अंगाला लावून घेतला नाही. दैवाने त्याला पाडले खरे; पण त्याला बाहुले मात्र करता आले नाही.