पूर ओसरतो म्हणून

पावसाळा सरता सरता पवनीहून गोसीखुर्दला गेलो होतो. सगळे जातात तसा मीही वैनगंगेवरचे धरण पाहायला गेलो. ३३ दरवाज्यांची ती लांबलचक रांग पाहिली, मागे नजर पोचेपर्यंत पसरलेले पाणी पाहिले. पण मनात घर करून राहिले ते काही वेगळेच. परतताना एका पुनर्वसित गावात चहाला थांबलो, तिथे दिसलेला मोथ्याचा झुबका.

ज्या घरी थांबलो होतो, तिथल्या अंगणात तुळशीवृंदावन होते आणि तुळशीच्या बुडाशी मोथा माजला होता. आजी अंगण सारवत होत्या. मी सहज विचारले, "आजी, हा मोथा उपटून का नाही टाकत?"

"राहू द्या जी," त्या म्हणाल्या, "तुळशीसंगं जुन्या घरची माती आनली होती. तिच्यातूनच आला थो. जलमभर शेतात निंदला त्याले, आता नाही उपटवत."

मोथा, नागरमोथा, लव्हाळा ही एकाच वनस्पतीची नावे. शास्त्रज्ञ तिला सायपेरस रोटुंडस म्हणतात. दिसायला गवत, पण हे गवत नव्हे. घरच्या मुलांना एक प्रयोग करायला सांगा. मोथ्याचा फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. गवताची काडी बहुधा गोल, पोकळ आणि पेरांची असते. हा दांडा तिधारी आणि भरीव. गवताची पाने दोन रांगांत येतात, याची तीन रांगांत. वर तांबूस तपकिरी फुलोऱ्याची विरळ छत्री.

खरा संसार मात्र जमिनीखाली. काळसर, सुवासिक गाठी आणि त्यांना जोडणारे दोऱ्यासारखे बारीक खोड, अशी ती माळच असते. टोकाची गाठ उगवली की मागच्या गाठी बहुधा निजून राहतात. वखराने माळ तुटली की निजलेल्या गाठी जाग्या होतात आणि एकाची चार रोपे उभी राहतात. बी फारसे रुजत नाही, पण त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. १९७७ साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान मोथ्यालाच मिळाला. नव्वदहून अधिक देशांत त्याचा उपद्रव आहे. आणि हीच गाठ आपल्या वैद्यांची मुस्ता. तापात देतात त्या षडंगोदकातल्या सहा द्रव्यांपैकी ती एक.

तुकोबांनी नम्रतेचा दाखला द्यायला हा लव्हाळाच निवडला. पुरापुढे तो वाकतो, म्हणून वाचतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरेच आहे. पण त्याला आणखी एक बाजू आहे. पाती सडली, वाहून गेली, तरी चिखलाखालच्या गाठी काही काळ तग धरतात आणि पाणी ओसरले की हिरवे कोंब वर येतात. म्हणजे वाकणे लव्हाळ्याच्या हाती, ओसरणे पाण्याच्या हाती. पाणी ओसरलेच नाही तर? गाठींना उगवायला हवा लागते, पात्यांना भरपूर ऊन लागते. सावलीसुद्धा त्याला सोसत नाही. धानाच्या बांधीत पाणी साचवून ठेवले की मोथा दबतो आणि धुऱ्यावर तगून राहतो, हे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

वैनगंगेचे पूर या काठाला नवे नाहीत. २०२० च्या ऑगस्टअखेरचा महापूर लोक अजून विसरलेले नाहीत. पण पूर येतो तसा जातो. धरणाचे पाणी राहायला येते. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याचे हे स्वप्न. त्या पाण्याची गरज कोण नाकारील? पण त्यासाठी ज्यांची घरे आणि बांध्या बुडाल्या, त्यांना नुसते वाकून भागण्यासारखे नव्हते. त्यांना मुळासकट निघावे लागले.

उन्हाळ्यात जलाशय आटतो, काठ उघडे पडतात आणि तिथल्या ओल्या चिखलात लव्हाळ्याचे भाऊबंद पुन्हा हिरवे होतात. वनस्पतीला नवा काठ सापडतो. माणसाला नवा प्लॉट मिळतो, पण त्याचा धुरा, त्याची विहीर, त्याचा शेजार त्या प्लॉटवर आपोआप उगवत नाही.

निघताना आजींनी वृंदावनात तांब्याभर पाणी घातले. तुळशीला घातलेले ते पाणी मोथ्यालाही मिळाले. जन्मभराच्या वैऱ्याला त्या आता माहेरच्या माणसासारखे जपत होत्या.