अग्निबाणाचा धूर आणि विहिरीचे पाणी

जालना जिल्ह्यात पाण्याविषयी बोलणे निघते ते बहुधा किती आहे याविषयी. ते कसे आहे, हा प्रश्न नंतरचा. उन्हाळ्यात दारात टँकर आला की त्याचे रसायनशास्त्र कोणी विचारीत बसत नाही. तरीही येथे अशा एका क्षाराची ओळख करून द्यावयाची आहे, जो पाण्यात सहज विरघळतो, अल्प प्रमाणात असता रंग, वास वा चव यांतून आपला पत्ता लागू देत नाही आणि आपल्या घराघरांत पाणी गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दुपदरी वस्त्रातून विनासायास पार होतो. त्याचे नाव परक्लोरेट. अग्निबाणांच्या घन इंधनाचा तो मुख्य आधार आहे, आणि त्याला निर्मळ पर्याय शोधण्याचे काम आपल्याच राज्यात, पुण्याजवळ पाषाण परिसरात, अनेक वर्षे चालू आहे.

चूल पेटते ती हवेतील प्राणवायूवर. अग्निबाणाला मात्र हवा विरळ होत जाते तेथे जळावयाचे असते. म्हणून तो आपला प्राणवायू बरोबर बांधून नेतो. हा प्राणवायू पुरविणारा पदार्थ म्हणजे ऑक्सिडक. घन इंधनात रबरासारखे एक बंधक द्रव्य, ॲल्युमिनियमची भुकटी आणि अमोनियम परक्लोरेट यांचे मिश्रण असते. इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात असे सुमारे 138 टन इंधन भरलेले असते आणि त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक भाग परक्लोरेटचा. 100 किलो अमोनियम परक्लोरेटमधील सगळ्या क्लोरीनचे रूपांतर झाले, तर सुमारे 31 किलो हायड्रोजन क्लोराइड तयार होते. हा वायू ओलाव्याशी मिळताच त्याचे आम्ल बनते. दूरचित्रवाणीवर आपण कौतुकाने पाहतो त्या शुभ्र लोटात हेही असते.

परंतु खरी चिंता आकाशातील लोटापेक्षा जमिनीवरच्या कारखान्याची आहे. उत्पादन, साठवण, जुन्या अग्निबाणांतील इंधन धुऊन काढणे, या कामांत सांडलेला क्षार भूजलात उतरतो आणि तेथे दीर्घकाळ टिकतो. अमेरिकेत नेवाडातील हेंडरसन येथील कारखान्यांतून निसटलेले परक्लोरेट कोलोरॅडो नदीच्या पाण्यात सापडले. आपल्याकडे केरळातील आलुवा येथे इस्रोचा अमोनियम परक्लोरेटचा कारखाना आहे. त्याच्या परिसरातील विहिरींच्या पाण्यातही हा क्षार आढळला. शरीरात गेल्यावर तो गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. एकेकाळी अतिक्रियाशील थायरॉईडवर हेच द्रव्य औषध म्हणून दिले जात असे, यावरून त्याची ताकद कळावी. गर्भवती स्त्रिया आणि अर्भके यांना धोका अधिक, कारण बाळाच्या मेंदूची वाढ याच ग्रंथीच्या स्रावावर अवलंबून असते. पिण्याच्या पाण्यासाठी कॅलिफोर्नियाने 2007 साली घातलेली मर्यादा एका लिटरमध्ये अवघी 6 मायक्रोग्रॅम होती. जाता जाता सांगावयास हवे की शोभेच्या दारूतही परक्लोरेट वापरतात. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका तळ्यात आतषबाजीनंतर त्याचे प्रमाण 24 ते 1028 पट वाढल्याची नोंद 2007 साली प्रसिद्ध झाली. दिवाळीत फटाके न उडविणाऱ्या कुटुंबांना हे एक कारण अधिक.

मग हा पदार्थ सोडून का देत नाहीत? कारण तो स्वभावाने अतिशय गुणी आहे. स्वस्त, साठवणीत स्थिर, हाताळण्यास सवयीचा, ज्वलनात भरवशाचा. त्याची जागा घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकात काही ना काही खोड निघते. अमोनियम नायट्रेट घ्या. खाणींतील सुरुंगांमुळे सर्वपरिचित, स्वस्त, क्लोरीनचा लवलेश नाही. परंतु 32 अंश सेल्सियसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते व ते फुगतात. जालन्याच्या उन्हाळ्यात रोज दुपारी ही मर्यादा ओलांडली जाते आणि हिवाळ्यातील रात्री पारा पुष्कळ खाली येतो; असे वारंवार फुगणे-आकसणे झाले की इंधनाच्या ठोकळ्याला तडे जातात, आणि तडा गेलेले इंधन म्हणजे स्फोटाला निमंत्रण. शिवाय त्याची शक्तीही कमी पडते.

अधिक आशा आहे ती अमोनियम डायनायट्रामाइडवर. त्याच्या रेणूत नायट्रोजन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच. जळल्यावर उरतात मुख्यतः नायट्रोजन, पाण्याची वाफ आणि प्राणवायू. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी ते 1971 साली मॉस्को येथे तयार केले व गुप्त ठेवले. अमेरिकेत ते पुढे स्वतंत्रपणे पुन्हा शोधले गेले. याचीही खोड मोठी आहे. हवेतील ओलावा शोषून ते स्वतःच पाणी पाणी होते, त्यामुळे आपल्याकडील पावसाळ्यात ते उघडे ठेवणे अशक्यच. सुमारे 93 अंशांवर वितळते. स्फटिक सुईसारखे निघतात. ते इंधनात नीट मिसळावेत म्हणून त्यांचे गोल दाणे करावे लागतात. रबरी बंधक घट्ट करण्यासाठी नेहमी वापरली जाणारी रसायनेही त्याला मानवत नाहीत.

पाषाणची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा अशाच खोडींशी झुंजत असते. तिचे मूळ 1908 साली नैनिताल येथे स्थापन झालेल्या एका रासायनिक परीक्षण कार्यालयात आहे. ती संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, आणि तेथील शोध क्षेपणास्त्रांसाठीही वापरले जातात. ही गोष्ट आपल्या वाचकांपासून झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तेथील शास्त्रज्ञांनी 2009 साली पर्यावरणाशी जुळणाऱ्या ऊर्जाद्रव्यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, त्यात या नव्या ऑक्सिडकांना महत्त्वाचे स्थान आहे. इस्रोच्या तिरुवनंतपुरम येथील केंद्रातही डायनायट्रामाइडवर आधारित घन इंधनाचे काम हाती घेण्यात आले आहे.

यश मिळाले आहे ते आधी लहान यंत्रांत. स्वीडनच्या प्रिझ्मा उपग्रहाने 2010 साली डायनायट्रामाइडचे द्रव मिश्रण अवकाशात वापरून दाखविले. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांची मनस्तु स्पेस ही कंपनी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेली यंत्रणा घडवीत आहे. 1 जानेवारी 2024 रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी58 वर बंगळुरूच्या बेलाट्रिक्स कंपनीचे हरित इंधनावर चालणारे एक न्यूटनचे यंत्र तपासले गेले. एक न्यूटन म्हणजे तळहातावर ठेवलेल्या शंभर ग्रॅम साखरेचा भार. त्याच अग्निबाणाने जमीन सोडली तेव्हा खाली जळत होते ते मात्र परक्लोरेटच.