कोरोनाच्या अंगावरचे काटे

पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. सगळे तिला 'एनआयव्ही' म्हणतात. ३० जानेवारी २०२० ला भारतातला पहिला कोरोना रुग्ण केरळमध्ये सापडला. त्याच्या घशातल्या नमुन्याचा फोटो एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढला. सूक्ष्मदर्शक म्हणजे अगदी बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र. फोटोत एक गोल कण दिसला. आकार सुमारे ७५ नॅनोमीटर!

आता हे किती लहान? समजा, तो कण फुगून बेसनाच्या लाडवाएवढा झाला. मग त्याच प्रमाणात तुमच्या डोक्यावरचा एक केस किती जाड होईल? सेम्बावांगमधला वीस मजली एचडीबी ब्लॉक जेवढा उंच, साधारण तेवढा.

कणाच्या कडेला काटे दिसतात. मुकुटावर टोकं असतात ना, तसे. लॅटिन भाषेत 'कोरोना' म्हणजे मुकुट, म्हणून १९६८ मध्ये शास्त्रज्ञांनी या जातीच्या विषाणूंना हे नाव दिलं. म्हणजे नाव आपल्या कोविडपेक्षा खूप जुनं आहे.

काटे प्रथिनांचे असतात. त्यांच्याखाली चरबीचं पातळ आवरण असतं. लाडू खाल्ल्यावर हाताला तूप लागतं. नुसत्या पाण्याने ते जात नाही, साबण लागतो. कारण साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं चरबीला. विषाणूचं आवरणही साबण असंच फोडतो. आवरण फुटलं की विषाणूचा खेळ संपला. २०२० मध्ये आई-बाबा 'हात धू, हात धू' म्हणून मागे लागायचे, त्याचं कारण हे.

आवरणाच्या आत असतो आरएनए. हा एक लांब धागा. त्यात चारच प्रकारची 'अक्षरं' असतात, पण एकूण संख्या जवळजवळ ३० हजार! नवीन विषाणू कसा बनवायचा, ही सगळी कृती त्यात लिहिलेली असते. गंमत म्हणजे विषाणूकडे स्वतःचं स्वयंपाकघर नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच स्वयंपाकघरात स्वतःच्या हजारो प्रती बनवून घेतो. पाहुणा म्हणून यायचं आणि घरच ताब्यात घ्यायचं, असला प्रकार.

पण पेशीचं दार उघडायचं कसं? त्यासाठी काटा हीच किल्ली. आपल्या नाकातल्या आणि फुप्फुसांतल्या काही पेशींवर 'एसीई-२' नावाचं प्रथिन असतं. ते कुलूप. काटा त्यात बरोबर बसतो.

प्रती काढताना चुका होतात. हा विषाणू त्या तपासतोसुद्धा, आम्ही आयटीवाले कोड तपासतो तसा! तरी काही चुका राहतातच. कधी त्यामुळे काटाच बदलतो. भारतात ऑक्टोबर २०२० च्या नमुन्यांत असा एक प्रकार सापडला. पुढे त्याला 'डेल्टा' नाव मिळालं आणि २०२१ मध्ये तो सिंगापुरातही पसरला.

लसींनी नेमका हा काटाच पकडला. सिंगापुरात अनेकांनी फायझर किंवा मॉडर्नाची लस घेतली. भारतातल्या कितीतरी आजी-आजोबांनी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोव्हिशील्ड घेतली. लसी वेगळ्या, बनवायची पद्धतही वेगळी. पण दोन्हींनी शरीराला अख्खा विषाणू दाखवलाच नाही. दाखवला फक्त काटा, म्हणजे खरा विषाणू आला की शरीर त्याला काट्यावरूनच ओळखेल.