जुन्या जीपला नवे आयुष्य : आरंभ कोठून करावा?

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, वंडलूर–वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळ कोविल–श्रीपेरुंबुदूर हे दोन मार्ग एकमेकांना छेदतात त्या परिसरात ओरगडम वसले आहे. देशातील मोटार उद्योगाचे हे एक प्रमुख केंद्र होय. येथे २०१० मध्ये रेनो आणि निसान यांचा संयुक्त कारखाना सुरू झाला. वाहनांची शास्त्रशुद्ध चाचणी घेणारे जागतिक वाहन संशोधन केंद्रही येथेच आहे. नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी तिचे ब्रेक, तिचा धूर, तिची मजबुती अशा अनेक कसोट्यांतून तिला जावे लागते.

याच निसानच्या परवान्यावर जबलपूरच्या शासकीय वाहन कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी ‘जोंगा’ तयार होत असे. त्याहूनही जुने नाते मुंबईचे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने माझगाव येथे विलीज जीपची जुळणी हाती घेतली आणि पुढे सीजे-३बी ही जीप खेड्यापाड्यांतील सरकारी दौऱ्यांची खूण ठरली. गटविकास अधिकारी, पाटबंधारे खाते, साखर कारखाना, निवडणुकीचा प्रचार, सर्वत्र तीच दिसे. आज अशी एखादी जीप वाड्यामागच्या पडवीत चाकांतील हवा गेलेल्या अवस्थेत उभी असते. तिला पुन्हा रस्त्यावर आणावे अशी इच्छा अनेकांच्या मनात येते. या इच्छेची किंमत मात्र आधी नीट समजून घेतली पाहिजे.

आधी कागद, मग पाने

जीर्णोद्धाराची पहिली पायरी नोंदणी पुस्तकापासून सुरू होते. पुस्तकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. गंज चढला असल्यास तो हलक्या हाताने घासून त्यावर कागद ठेवावा आणि पेन्सिलीने छाप घ्यावा. क्रमांक जुळत नसतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी व्यवहार करू नये. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीच्या बाबतीत लिलावाची मूळ विक्रीपत्रे हाच तिचा जन्मदाखला असतो.

जुन्या पुस्तकावर पुष्कळदा बँकेच्या नावे कर्जाच्या तारणाची नोंद तशीच राहिलेली आढळते. कर्ज कधीच फिटलेले असते, पण नोंद उतरवलेली नसते. अशा वेळी संबंधित बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळवून ती नोंद रद्द करून घ्यावी. मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० लागतात. मालक हयात नसल्यास वारसांची संमती आधी लेखी घ्यावी.

बदलीच्या नोकरीतील व्यक्तींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तमिळनाडूत घेतलेली जीप महाराष्ट्रात कायम न्यायची असेल, तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ द्वारे घ्यावे लागते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिल्यास तेथील नवा क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

‘व्हिंटेज’ म्हणजे नेमके काय?

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. १९७० च्या सुमाराची सीजे-३बी या व्याख्येत बसू शकते. १९८५ ची एमएम-५४० मात्र २०३५ पूर्वी बसणार नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. शेतावर व बाजाराला नेण्यासाठी जीप हवी असेल, तर नेहमीची नोंदणी ठेवून १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी योग्यता तपासणीसह तिचे नूतनीकरण करावे.

पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

कामाचा क्रम

खरेदीपूर्वी चासी हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे, बद्द आवाज आला तर ते आतून खाल्ले गेले आहे. पत्र्याची बॉडी कुशल कारागीर नव्याने घडवू शकतो. वाकलेली वा कुजलेली चासी मात्र साऱ्या खर्चावर पाणी फिरवते.

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन लगेच सुरू करू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी हँडलने हाताने फिरवून पाहावे. टाकीतील शिळे पेट्रोल काढून टाकी धुवावी. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते, त्यामुळे इंजिन उघडल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसवून घेणे हिताचे. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करते. म्हणून त्या नळ्याही बदलाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे ब्रेक. या जुन्या जीपच्या चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून दाब मिळतो. एका चाकाची रबरी वाटी फुटली, तरी चारही ब्रेक एकदम निकामी होतात. म्हणून वाट्या, होज व पाइप काटकसर न करता नवे घालावेत. त्यानंतर स्टिअरिंग, मग इंजिन व गिअर, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग. उत्साही मालक नेमके उलट करतात. आधी गाडी चकचकीत रंगवतात आणि पुढील दुरुस्तीत तोच रंग खरवडला जातो.

पुढच्या चाकांना शक्ती देणारी छोटी दांडी मऊ जमिनीवरच टाकून तपासावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती टाकून वळण घेतल्यास यंत्रणेवर अनाठायी ताण येतो. विलीज घराण्यातील गाड्यांना इंची मापाचे पाने लागतात, हेही विसरू नये. भाग सुटे करताना प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे आणि नट-बोल्ट चिठ्ठी लावून वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत.

पैशांचे नियोजन

एवढ्या जुन्या गाडीला वाहन कर्ज सहसा मिळत नाही. त्यामुळे चढ्या व्याजाच्या उधारीवर काम सुरू करण्यापेक्षा आवर्ती ठेवीत दरमहा रक्कम साठवून टप्प्याटप्प्याने काम करणे शहाणपणाचे. तातडीची गरज पडल्यास मुदत ठेवीवरील कर्ज तुलनेने स्वस्त पडते. अंदाजपत्रकात खरेदी, यांत्रिक काम आणि बॉडी-रंग असे तीन भाग करावेत व अनपेक्षित खर्चासाठी चौथा भाग राखून ठेवावा. विक्रेत्याला व कारागिराला रक्कम बँकेमार्फतच द्यावी, म्हणजे पुरावा राहतो. रस्त्यावर येण्यापूर्वी किमान त्रयस्थ विमा घेणे अनिवार्य आहे.

ओरगडमला नव्या गाडीची परीक्षा तज्ज्ञांच्या हाती असते. आजोबांच्या जीपची परीक्षा नातवालाच घ्यावी लागते. दर्शनी रंगापेक्षा न दिसणाऱ्या ब्रेकवर ज्याने आधी खर्च केला, त्याच्याच घरची माणसे त्या जीपमध्ये निर्धास्त बसू शकतील.