तयार झाली की येईल

डेबियनची पुढची आवृत्ती कधी, असं विचारलं की स्वयंसेवकांचं जुनं उत्तर ठरलेलं असे: तयार झाली की. इअन मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने 1993 साली सुरू केलेली ही संगणक प्रणाली कुठल्याच कंपनीच्या मालकीची नाही. मग वेळापत्रक पाळायला लावणार कोण?

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘फ्रीज’: बदल टप्प्याटप्प्याने गोठवत नेणं. 2025 ची ‘ट्रिक्सी’ घ्या. (आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची.) 15 मार्चला मोठे फेरबदल थांबले, 15 एप्रिलनंतर नव्या पॅकेजेसना दार बंद झालं, 15 मेपासून नियम आणखी कडक झाले. 27 जुलैनंतर तर बारीक दुरुस्तीलाही रिलीज टीमची परवानगी लागत होती. 9 ऑगस्टला ट्रिक्सी बाहेर पडली. कोणाचाही हुकूम नसताना जगभरची माणसं स्वतःचे हात असे बांधून घेतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पैसे देऊन तारीख गाठायचा प्रयत्नही झाला होता. डिसेंबर 2006 मध्ये ‘एच’ ही आवृत्ती यावी म्हणून ‘डंक-टँक’ नावाने निधी उभारून रिलीज सांभाळणाऱ्यांना मानधन देण्याचं ठरलं. बाकीचे फुकट राबणारे दुखावले, काहींनी कामातून अंग काढून घेतलं, आणि एच आली 8 एप्रिल 2007 ला. पैसा आणि मुदत यांनी काम होतंच असं नाही, हे आपल्याकडेही दिसलं आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्याची नाना रूपं मांडली आहेत. ती पाहताना चरखा संघाचं 1929 चं एक लाखाचं बक्षीस आठवतं. खेड्यात चालेल आणि दीडशे रुपयांत बसेल असा सुधारित चरखा हवा होता. मुदत ठरली होती, रक्कम त्या काळी प्रचंड होती, तरी बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

मराठीचा डेबियनच्या फ्रीजशी थेट संबंध आहे. 2009 च्या ‘लेनी’पासून डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे. भाषांतराच्या फाइलमध्ये वर इंग्रजी ओळ, खाली मराठी. वरच्या ओळीत कोणी एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी खालच्या मराठीवर ‘फझी’ असा शिक्का बसतो, आणि कोणी तपासून तो काढेपर्यंत वापरणाऱ्याला तिथे इंग्रजीच दिसतं. म्हणून वाक्यं गोठवण्याची एक वेगळी मुदत असते. तेवढ्या दिवसांत मूळ मजकूर हलत नाही आणि भाषांतर करणाऱ्याला गाठता येतो. मोठ्या भाषांकडे माणसं पुष्कळ, त्यांचं कसंही निभतं. मूठभर हातांवर चालणाऱ्या मराठीला हाच अवधी तारतो.

पुढची आवृत्ती ‘फोर्की’. तिचं काम सुरू आहे. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी ठरवलं, तर तिच्या फ्रीजआधी मराठीची फाइल उघडायला कोणाचीच परवानगी लागणार नाही.